बेसमेंटमधलं हवन

दातारांच्या घरात फोनवर भांडायचं काम सुनेत्राकडे होतं. वूस्टरच्या हॉस्पिटलमध्ये ती रक्ताचे नमुने तपासायची. नवरा गिरीश कॉम्प्युटर कंपनीत इंजिनियर. पण चुकीचं बिल आलं की तो रिसीव्हर तिच्या हातात द्यायचा. "तू बघ काय ते." ती आवाज चढवत नसे. समोरच्याचं नाव विचारून घ्यायची आणि मग सारखी त्या नावानं हाक मारत त्याला दमवायची. श्रूजबरीच्या मराठी मंडळात तिचा लौकिक होता.

१९८५च्या ऑक्टोबरात त्यांनी घर घेतलं. लाकडी, दुमजली, जुनं. विकणाऱ्यानं सोबत एका कंपनीची वर्षाची वॉरंटी दिली होती. घर गरम ठेवणारी गॅसची फर्नेस, वॉटर हीटर, प्लंबिंग, काहीही बिघडलं तरी कंपनी बघणार. वास्तुशांतीला मिरजेहून सासरे आले. अण्णा कोर्टात होते. पिंजऱ्यातल्या साक्षीदाराला शपथ देण्यात त्यांची सगळी हयात गेली. निवृत्तीनंतर पौरोहित्य शिकले. सासूबाई वारल्या होत्या, त्यामुळे आता ते इथेच राहणार होते.

हवन बेसमेंटमध्ये झालं. त्याला कारण होतं. आदल्या वर्षी मंडळातल्या नंदा काळेच्या दिवाणखान्यात हवन चालू असताना स्मोक अलार्म वाजला, शेजाऱ्यानं फोन केला आणि स्वाहाकाराच्या मधोमध बूट घातलेले फायरमन आत आले. तेव्हापासून मंडळातली कुटुंबं खाली सिमेंटच्या जमिनीवर विटा मांडत, वर टर्की भाजायचा ॲल्युमिनियमचा ट्रे ठेवत आणि ट्रेमध्ये वाळू. दातारांच्या बेसमेंटमध्ये मोकळी जागा होती ती नेमकी फर्नेसपुढे. पाच वर्षांची दीपा आजोबांच्या मांडीला टेकून आहुत्या बघत बसली. अण्णांचा आवाज खणखणीत लागला होता.

जानेवारीत सगळ्यांचीच डोकी दुखायला लागली. दीपा सकाळी उठेना, उठली की ओकायची. गॅस कंपनीचा माणूस आला, त्यानं फर्नेस उघडून टॉर्च मारला.

"आतली पेटी फुटलीय. गंजून. वर्षानुवर्षांचं काम आहे हे. जळलेला गॅस घरात येतोय. तुम्ही लोक जागे झालात हे नशीब समजा."

त्यानं गॅस बंद केला, फर्नेसला लाल चिठ्ठी अडकवली आणि गेला. बाहेर बर्फ गुडघाभर होतं.

वॉरंटी कंपनीनं डॉनली नावाचा तपासनीस पाठवला. सुनेत्रा आणि गिरीश कामावर होते, घरी अण्णा. अण्णा एकटे असताना गोरा पाहुणा पहिल्यांदाच घरी आलेला. अण्णांनी त्याला बेसनाचा लाडू दिला. फर्नेसपुढे जमिनीवर सांडून जळलेल्या तुपाचा काळा डाग पाहून त्यानं विचारलं, हे काय? अण्णा खुलले. अग्नी कुठे होता, तूप कसं सोडलं, ज्वाळा कुठवर गेल्या, सगळं हातवारे करून दाखवलं. डॉनली मन लावून ऐकत होता. जाताना त्यानं अण्णांचा हात हातात घेतला.

चार दिवसांनी सुनेत्रानं फोन लावला. पलीकडे कॅरन नावाची बाई होती.

"फर्नेसजवळ उघडा जाळ केला की वॉरंटी रद्द होते, मॅडम. करारात आहे."

"पण कॅरन, पेटी गंजली होती. आगीनं गंज चढतो का, कॅरन?"

"जाळ केला होता की नाही?"

सुनेत्रानं पहिल्यांदाच समोरच्याचं नाव न घेता फोन ठेवला.

नवी फर्नेस घेण्याची ऐपत उरली नव्हती. होतं ते घरात घातलं होतं. एका खोलीत इलेक्ट्रिक हीटर लावून चौघं झोपू लागली. स्वयंपाकघरातला पाइप गोठून फुटला. दीपाची छाती भरली, हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं. डॉक्टर म्हणाले, गरम घर नसेल तर मुलीला तिथे नेऊ नका. ती नंदाकडे राहायला गेली. रोज संध्याकाळी फोनवर एकच विचारायची, "मम्मी, इज इट वॉर्म येट?"

करारात पंचाची सोय होती. दोन्ही बाजू ऐकून तो देईल तो निर्णय अखेरचा. तारीख लागली तेव्हा सुनेत्रा अण्णांपुढे जाऊन बसली. ते मफलर, कोट आणि हातमोजे घालून पेपर वाचत होते.

"अण्णा, डॉनलीला तुमचं इंग्लिश नीट कळलं नसेल, नाही?"

"कळलं की. कोर्टातलं इंग्लिश आहे माझं. साहेबाच्या वेळचं."

"कळलं नसेल," ती पुन्हा म्हणाली. "तुम्ही भारतात हवन कसं करतात ते सांगितलंत. इथे फक्त उदबत्ती लावली. समई लवंडली, तेल जळलं, म्हणून डाग."

अण्णांनी पेपरची घडी घातली. "गिरीशला माहितेय हे?"

"त्यानं सांगितलं, तू बघ काय ते."

"हं. लहानपणापासून तसाच आहे." मफलर सारखा करत ते म्हणाले, "आमच्या कोर्टात वकील बाहेर व्हरांड्यात पढवायचे साक्षीदाराला. मला आत ऐकू यायचं."

"मग?"

"मग काय. मी शपथ द्यायचो."

"अण्णा, दीपाला घरी आणायचंय."

"मी नाही म्हटलंय का?"

सुनावणी टाउन लायब्ररीच्या मागच्या खोलीत झाली. पंचानं उजवा हात वर करायला सांगितला. अण्णांनी केला. सुनेत्रा त्यांच्या शेजारी होती, तिनं टेबलाकडे पाहिलं.

"तिथे आग पेटवली होती?"

"नो सर. इन्सेन्स ओन्ली."

डॉनली पुढे झुकला. "सर, तुम्ही मला दाखवलंत. तुम्ही म्हणालात, इथे, एवढ्या ज्वाळा..."

"तुम्हाला माझं इंग्लिश समजलं नाही," अण्णा म्हणाले. त्यांचं वाक्य स्वच्छ होतं, एकही चूक नव्हती.

पंचानं म्हाताऱ्याकडे पाहिलं, मग डॉनलीकडे, आणि डॉनलीला विचारलं की तुम्ही फोटो काढला होता का. नव्हता. कंपनीच्या वकिलानं डॉनलीच्या कानात काहीतरी म्हटलं. डॉनलीचा चेहरा लाल झाला. तो खरं बोलत होता, हे त्या खोलीत तिघांना ठाऊक होतं.

निकाल दातारांच्या बाजूनं लागला. आठवड्यात नवी फर्नेस आली. दीपा घरी आली. गिरीशनं मंडळात सगळ्यांना सांगितलं, "सुनेत्रापुढे कंपनीचं काही चाललं नाही यार."

अण्णांनी पूजा बंद केली. देवापुढे दिवा सुनेत्राच लावू लागली. त्यांनी परतीचं तिकीट काढायला सांगितलं तेव्हा गिरीश म्हणाला, थंडी मानवत नाही त्यांना. सुनेत्रानं तिकीट बुक केलं. त्यासाठीही फोन तिनंच केला.

निघायच्या आदल्या दिवशी दीपा त्यांना हाताला धरून बेसमेंटमध्ये घेऊन गेली. सुनेत्रा खाली कपडे ड्रायरमध्ये टाकत होती. घासूनही डाग पुरता गेलेला नव्हता.

"आजोबा, डू द फायर अगेन. प्लीज."

"कुठली फायर?"

"द बिग वन! यू सँग, आणि तूप टाकलं!"

अण्णांनी सुनेत्राकडे पाहिलं नाही. ते नातीपुढे वाकले आणि तिला समजेल अशा सावकाश, नीट इंग्लिशमध्ये म्हणाले, तसं काही झालं नव्हतं बाळ, तू स्वप्नात पाहिलं असशील.

दीपानं आईकडे पाहिलं. सुनेत्रानं ड्रायरचं दार लावलं आणि बटण दाबलं.