वाघिणींची खंडेनवमी

आमच्या मोठ्या भावोजींनी घरात सात वाघिणी पाळल्यात आणि आठवी त्यांची बायको, असं तळवली गावात म्हणत. नवी नवरी म्हणून मी त्या घरात आले तेव्हा हे ऐकून दचकलेच. मग कळलं, मालगाडीच्या डब्याला वाघीण म्हणतात आणि भावोजींच्या वाघिणी जेमतेम वीतभर आहेत. आठवी मात्र खरीच होती. ती माझी थोरली जाऊ.

तेव्हा नवी मुंबई हे नावसुद्धा कुणी ऐकलं नव्हतं. भावोजी मुंबईला रेल्वेच्या कारखान्यात सुतार होते, शनिवारी घरी येत. विलायतेला कायमचा निघालेल्या एका साहेबानं त्यांना काही खोकी दिली होती. आत लाकडाच्या पातळ पट्ट्या, पत्र्याचे तुकडे, चिमुकली चाकं. ते सगळं तासून, जुळवून, चिकटवून डबा उभा करायचा. हातपाय धुतले की भावोजी ओटीवर मांडी घालून बसत, मग जेवणाची हाक ऐकू येईल तर शपथ.

डबा रंगवून झाला की आपल्याला वाटावं, संपलं. त्यांचं खरं काम तिथून सुरू होई. चकचकीत डबा ते हौसेनं मळवत. चुलीची काजळी, विटेचा भुगा, मिठागरातला सुकलेला गाळ बारीक कुंचल्यानं बरोबर तिथंच लावत, जिथं खऱ्या डब्याला मळ धरतो. "नवी वाघीन ती खोटी वाघीन," म्हणत. "जी धावली, तिच्या अंगावर दिसाया पायजे."

जाऊबाईंचा खाक्या नेमका उलटा. त्यांनी घासलेल्या कळशीत बघून कुंकू लावावं. "लोक भांड्यांना कल्हई करतात," त्या मला सांगत, "नि आमचं हे सोन्यासारक्या वस्तूला चिखल फासतात!"

एका वर्षी मुंबईत अशा हौशी लोकांचं प्रदर्शन ठरलं, दसऱ्यानंतरच्या रविवारी. भावोजींना पहिल्यांदाच बोलावणं आलं. गावानं ज्याला आजवर पोरखेळ म्हटलं, ते काम आता जाणती माणसं बघणार होती. माणूस आठवडाभर हवेत होता.

आणि मधे आली खंडेनवमी. घरातली हत्यारं पुजायचा दिवस. जाऊबाईंनी कोयते, विळे, पावडी घासली आणि त्याच झपाट्यात साती वाघिणीही शिकेकाईच्या पाण्यानं धुऊन काढल्या! संध्याकाळी भावोजी सणासाठी घरी आले तर पाटावर वाघिणी लखलखताहेत. प्रत्येकीवर हळदकुंकवाची बोटं, वर झेंडूचं फूल.

त्यांचा चेहरा बघून जाऊबाई हबकल्या. "घान वस्तू देवापुडं कशी मांडू?" एवढंच कसंबसं म्हणाल्या. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. भावोजी एकेक वाघीण उचलून बघत राहिले आणि एकदम हसायलाच लागले. "अगो, आज कारकान्यात आमीबी हेच केलं! डबं धुतलं, कुंकू लावलं. उद्या ते तसंच रुलावर जातील."

रात्रीच्या आत पुन्हा काजळी निघाली, गाळ निघाला. पण जाऊबाईंची कुंकवाची बोटं त्यांनी पुसली नाहीत. त्यांच्यावर नुसती धूळ बसवली, एका दाराच्या फटीत झेंडूची वाळकी पाकळीही अडकवली. दसरा उलटून गेलेली मालगाडी हुबेहूब उभी राहिली.

रविवारी ते जाऊबाईंना बरोबर घेऊन गेले, मागोमाग आम्हीही. पाटीवर लिहायला एका गृहस्थांनी नाव विचारलं. भावोजींनी आपलं सांगितलं आणि म्हणाले, "हिचंबी लिवा. कुंकू हिचं हाय."

"बाईंचं नाव?"

झाली पंचाईत. आमच्याकडे नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत नसत. भावोजींचं सगळं आयुष्य 'अगो'वर निभलेलं. ते घामाघूम झाले, इकडेतिकडे पाहिलं आणि डोळे मिटून म्हणाले, "चांगुना."

जाऊबाईंनी पदरात तोंड लपवलं. भर सभेत लग्न लागल्यासारख्या लाजल्या होत्या.

बक्षीस दुसऱ्याच कुणाला तरी मिळालं. पण भावोजींची भीड चेपली ती चेपलीच. पुढं दर शनिवारी वेशीपासूनच "चांगुना!" अशी हाक यायची. गाव हसायचं. "लाज हाय का जरा!" म्हणत जाऊबाई चहाचं आधण ठेवायच्या, आणि दोन हाका होईस्तोवर ओ द्यायच्या नाहीत.

भावोजी गेले त्या दिवशी आम्ही बायका जाऊबाईंना धरून बसलो होतो. माझा हात दाबून त्या म्हणाल्या, "आता माजं नाव कोन घेल गो?"