दिवा लागायच्या आत दीडशे जीबी

आमच्या पेणच्या मूर्तीच्या कारखान्यात कोणी कोणाला काही विसरू देत नाही. एकाची चूक दुसरा सांगतो, तिसरा तिच्यात भर घालतो, आणि गणपती जाऊन पुन्हा येईपर्यंत तिचा किस्सा झालेला असतो. यातले निम्मे किस्से सध्या माझ्या नावावर फिरतात, आणि तीच माझी तक्रार आहे. मला चारचौघांत बोलता येत नाही. म्हणून माझी बाजू लिहून काढतोय.

आधी कामाचं सांगतो. अण्णा, आमचे मालक, शाडूचा वीतभर नमुना घडवतात. मी त्याचे चहूबाजूंनी शेकडो फोटो काढून स्कॅन तयार करतो. त्यावरून मशीन हवा तेवढा मोठा साचा कापतं. पण अण्णांच्या वडिलांपासूनचा एक नियम आहे. नमुना रात्रभर ठेवायचा नाही. संध्याकाळी देवाला दिवा लागायच्या आत त्याची माती परत टाकीतल्या पाण्यात सोडायची. मग दिवा लागल्यावर अण्णांचं दिवसभराचं काम कुठे राहतं? माझ्या सर्व्हरमध्ये. दुसरीकडे कुठेच नाही!

त्यात गेल्या वर्षापासून अण्णांचा उजवा हात थरथरतो. यंदाचे नमुने शेवटचे, असं त्यांनीच सांगून टाकलंय.

सर्व्हर म्हणजे सुटे भाग जोडून बनवलेला कॉम्प्युटर. त्यावर मी विंडोजऐवजी लिनक्स टाकलंय. माझी शाळा नववीत सुटली, पण हे मी शिकलो. एका नमुन्याचा माल, म्हणजे फोटो आणि स्कॅन मिळून, दीडशे जीबी. जुन्या डिस्कवर त्याची कॉपी व्हायला दोन तास, ती बरोबर झाली का हे तपासायला आणखी दोन तास. स्कॅन संपतो तीनला, दिवा लागतो साडेसहाला. बसतंय का गणित? माझं मागणं एवढंच होतं, की एक वेगवान डिस्क घेऊ या.

* * *

कारखान्याचा कारभार वहिनींकडे, म्हणजे अण्णांच्या सुनेकडे. त्यांचा भाऊ पुण्याला इंजिनिअर आहे. त्याने फोनवरून सल्ला दिला, की आजच्या काळात डिस्क कसली घेता, क्लाउडवर टाका.

 मी आपल्या इंटरनेटच्या लाइनवरून एक नमुना चढवायला लावला. स्क्रीनवर आलं, सहा दिवस. दुसऱ्याच दिवशी रस्त्याच्या कामात जेसीबीने लाइनच तोडली. मी ते वहिनींना दाखवलं, त्यांनी भावाला फोन लावला. स्पीकर चालू होता.

"त्या पोराला विचार," भाऊ म्हणाला, "शिकलाय किती?"

जेसीबीवाल्याचं शिक्षण कोणी विचारलं नाही.

* * *

मग वहिनींनी मोबाइलवर जाहिरात बघून सोळा टीबीची डिस्क मागवली. काडेपेटीएवढी! किंमत एवढी कमी, की मला तेव्हाच शंका आली.

कॉपी लावली. सगळ्या फायली चढल्या. मग मी एकेक फाइल परत वाचून मूळ फायलीशी जुळवली. पहिले साठेक जीबी बरोबर, पुढे सगळं रिकामं. आत छोटंसं मेमरी कार्ड बसवलेलं, आणि वर पाटी सोळा टीबीची. लिहायला जागा नसली तरी ती डिस्क 'लिहिलं, लिहिलं' म्हणत राहते. अशा वस्तू उघड उघड विकल्या जातात आणि लोक त्यांना पाच तारे देतात!

वहिनींनी स्क्रीनवरची फायलींची यादी वरून खाली बघितली. म्हणाल्या, "नावं दिसतायत ना सगळी? मग झालं."

नावं काय, मतदारयादीतही दिसतात. त्यातली किती माणसं जिवंत आहेत?  मी डिस्क परत पाठवायची चिठ्ठी लिहीत बसलो.

* * *

शेवटी वेगवान डिस्क घ्यायची परवानगी मिळाली. मी राहतो वरश्याला, म्हणून शेजारच्या रोह्यातल्या दुकानात गेलो. सोबत धर्मामामा होते. मामा गडब गावचे, कारखान्यात माती मळतात. दुकानदार पहिल्यापासून त्यांच्याशीच बोलत राहिला, कारण मामांना मिशा आहेत.

"लिनक्सला ही चालणार नाय," तो मामांना म्हणाला. "खोक्यावर बघा, नाव हाय का?"

मामांनी खोका उलटसुलट करून बघितला. "व्हय, लिवलेलं तर नाय."

मी सांगितलं की कोणतीही डिस्क आपण आपल्या पद्धतीने फॉरमॅट करून घेतो, खोक्याचा काही संबंध नाही. दुकानदाराने एक गाणं कॉपी करून दाखवलं. डोळा लवायच्या आत झालं. मी म्हटलं, गाणं नको, पन्नास जीबी टाकून बघू. स्वस्तातल्या डिस्का पहिले थोडे जीबी धावतात आणि मग धापा टाकतात. पहिली डिस्क वीस जीबीलाच दमली. दुसरी शेवटपर्यंत एका चालीने गेली. ती घेतली.

पेणला आणून लावली, तर पुन्हा दोन तास! सगळा कारखाना हसला. दुकानात ज्या केबलवर बघितलं ती दुकानदाराने ठेवून घेतली होती, आणि पिशवीत मोबाइल चार्ज करायची केबल टाकली होती. दिसायला दोन्ही सारख्याच. मी परत रोह्याला गेलो. तो म्हणाला, करंट जातो ना तिच्यातून? मग केबल ती केबल.

बरोबर केबल लावल्यावर आठ मिनिटं. कारखान्यात मात्र किस्सा असा सांगतात, की हा पोरगा एक वायर आणायला दोनदा रोह्याला गेला.

* * *

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. मी आधीच्या सगळ्या वर्षांचे नमुने नव्या डिस्कवर कॉपी करायला लावले आणि चहाला गेलो.

परत आलो तर सर्व्हरला नुसती केबल लोंबत होती. डिस्क पाटावर, कोरण्यांच्या रांगेत बसवलेली. वर हळद-कुंकू, झेंडूचं फूल, आणि केबल घालायच्या भोकात दोन अक्षता.

कॉपी चालू असताना मधूनच उपटली होती! मी विचारलं, ठेवायचाच होता तर सर्व्हर का नाही ठेवला?

मामा शांतपणे म्हणाले, "तो खोका जड हाय. आन माल ह्याच्यात चाललाय नं? मंग पूजा ह्याचीच."

 दुसऱ्या दिवशी सुईने अक्षता काढल्या, डिस्क तपासली आणि कॉपी पहिल्यापासून लावली.

* * *

मग अण्णांनी शेवटचा नमुना केला. डाव्या हाताने उजवं मनगट धरून केला. बारा दिवस लागले. रोज संध्याकाळी अर्धवट नमुना टाकीत जाई आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. बाराव्या दिवशी दुपारपर्यंत पुरा झाला.

तीनला स्कॅन झाला. आठ मिनिटांत कॉपी. पुढच्या आठ मिनिटांत तपासणीचा निकाल आला, की एक फाइल जुळत नाही. पुन्हा कॉपी केली, पुन्हा तीच. दोष नव्या डिस्कचा नव्हता. सर्व्हरच्याच डिस्कचा एक तुकडा खराब झाला होता आणि ती फाइल त्यावर पडली होती.

तोवर मामा नमुना घेऊन टाकीपाशी पोहोचले होते. मी धावत जाऊन त्यांच्या आणि टाकीच्या मध्ये उभा राहिलो.

"मामा, नाय."

वहिनी बाहेर आल्या. त्यांना पुढच्या कामाची घाई होती. "शेकड्यांनी फायली आहेत. एक नाही जुळली तर काय बिघडलं?"

"ती एक म्हणजे तोंड आहे, वहिनी."

आवाज चढला होता माझा. अण्णा आतून उठून आले. वहिनींनी सांगितलं की हा उगाच अडून बसलाय, मामांनी दसऱ्याचं सांगितलं, कोणीतरी केबलचंही सांगितलं.  अण्णांनी नमुना मामांच्या हातून घेऊन पाटावर ठेवला. मग बोट पाण्यात बुडवून डाव्या डोळ्याची पापणी उकरली आणि नव्याने बसवायला घेतली. तासभर त्या एका पापणीवर होते.

"घे आता," ते म्हणाले.

मी पुन्हा सगळे फोटो काढले. या वेळी सर्व्हरच्या भरवशावर राहिलो नाही. एक प्रत नव्या डिस्कवर, एक माझ्या लॅपटॉपवर. दोन्ही जुळवल्या, दोन्ही जुळल्या. तोवर साडेसहा वाजत आले होते. मामांनी टाकीवरची फळी बाजूला केली. वहिनी काडेपेटी घेऊन देवाशी उभ्या होत्या.

अण्णांनी नमुना ओंजळीत उचलला. टाकीकडे न जाता माझ्याकडे आले.

"सोडू?"

"अजून एकदा तपासतो, अण्णा. आठ मिनिटं."

वहिनींनी काडी ओढली. दिवा लागला. अण्णांनी स्टूल ओढलं, नमुना मांडीवर घेतला आणि माझ्या शेजारी बसून स्क्रीनवरचे आकडे बघत राहिले.