कपड्यांच्या दांडीवरची माटोळी

मी निघालो त्या दिवशी म्हापशात शुक्रवारचा बाजार होता, त्यामुळे मला पोचवायला आलेले बाबा आणि बाजाराला आलेला अर्धा पेडणे तालुका बसस्टँडवर एकाच गर्दीत उभे होते. मला सोळावं लागलं होतं. पुण्याला मामेभावाच्या खोलीवर राहून डिप्लोमा करायचं ठरलं होतं. आईने पिशवीत उंडे भरून दिले होते, आमचे ते कडक पाव. बाबांना काय द्यावं ते सुचलं नसावं. बस सुटताना जनेलाचा, म्हणजे खिडकीचा, गज धरून ते एवढंच म्हणाले, "भियाव नको. तोंड उघडलंस तर माणसां मेळतली."

तिकडे राहिलेल्यांना वाटतं, शहरात गेला तो सुटला. माझ्यासारखे जे गेले, त्यांना पहिले महिने आठवत असतील. वर्गात माझा पेडण्याचा हेल ऐकून मुलं हसली आणि मी तोंड मिटलं ते मिटलंच. मामेभाऊ दुसऱ्या पाळीला जायचा. संध्याकाळी खोली खायला उठायची, म्हणून मी जेवून बाहेर पडायचो आणि पेठांतून, पुलांवरून, झाडांखालच्या बंगल्यांच्या गल्ल्यांतून पाय दुखेपर्यंत हिंडायचो. एवढं मोठं शहर, पण "जेवलास काय रे?" म्हणून विचारणारं कोणी नाही.

अशात गणपतीची चवथ आली. लगेच परीक्षा होती, म्हणून घरी जायचं नव्हतं. पण आदल्या रात्री खिडक्याखिडक्यांतून मखरं दिसायला लागली आणि मी मनाशी ठरवून टाकलं, सकाळची पहिली बस धरायची आणि परत यायचं नाही. परीक्षा गेली खड्ड्यात.

त्याच तिरमिरीत चालताना एका बंगल्याच्या कुंपणाबाहेर आलेली पपनसाची फांदी दिसली. आमचं तोरंजन! आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात, तिला रानातली फळं, वेली, सुपारीचे घोस बांधतात, ती माटोळी. हे सामान गोळा करणं पोरांचं काम. माटोळीसाठी म्हटलं की कुंपणाबाहेरच्या फांदीला हात लावायला आमच्या गावात, धारगळात, कोणी कोणाला विचारत नाही. मीही विचारलं नाही. उडी मारून फळ तोडलं आणि वर बघतो तर ओसरीवर एक म्हाताऱ्या बाई.

"चोरी करतोस होय रे? तीही सणाच्या तोंडावर?"

पळायचं सोडून मी तोंड उघडलं, आणि घाबरल्यामुळे घरचीच बोली बाहेर पडली. "चोरी नाय ओ. माटोळेक होया."

त्यांना त्यातलं काहीएक कळलं नाही. पण त्यांनी फाटक उघडलं, बसवलं आणि माटोळी म्हणजे काय ते दोनदा समजावून घेतलं. मग विचारलं, जेवलास का? मला रडू आलं, ते लपलं नाही. घरचे सगळे त्यांना माई म्हणत, पण मुलगी सासरी गेल्यापासून त्या एकट्याच होत्या. त्यांचा दीड दिवसाचा गणपती पाटावर आणून ठेवलेला होता आणि वर छताला कपडे वाळत घालायची दांडी. माईंनी काठीने लुगडी, टॉवेल सगळं खाली ओढलं आणि म्हणाल्या, "बांध."

मी बांधली. मधोमध ते तोरंजन, बाजूला काकड्या, दोडकी, परसातल्या वेली. बाबांनी पाहिली असती तर माटोळी म्हटली नसती. सकाळची बस मात्र माझ्याशिवाय गेली. दुसऱ्या दिवशी मी माईंकडे मोदकांवर ताव मारला आणि परीक्षेतही पास झालो.

पुढे दर चवथीला मी घरी जायचो. परत येताना बाबा माईंसाठी सुपारीचा घोस द्यायचे. पोचेपर्यंत माईंच्या गणपतीचं विसर्जन होऊन गेलेलं असायचं, म्हणून तो घोस वर्षभर जपून त्या पुढच्या माटोळीला बांधायच्या. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नाही.

नोकरीला लागलो त्या वर्षी चवथीच्या तोंडावर बाबा गेले. सुतकामुळे धारगळच्या घरी गणपती आला नाही, माटोळीची चौकट माळ्यावरच राहिली. दिवसकार्य उरकून पुण्याला आलो तो थेट माईंकडे गेलो. त्यांच्या गणपतीचं विसर्जन केव्हाच झालेलं. खुर्च्यांच्या पाठीवर, दारांवर, खिडकीच्या गजांना ओली लुगडी पसरलेली होती. वर दांडीवर सुकलेल्या वेली, सुरकुतलेलं तोरंजन आणि बाबांनी दिलेला शेवटचा घोस तसाच.

"तुमच्या घरची या वर्षी राहिली ना," माई म्हणाल्या. "तू बघितल्याशिवाय कशी उतरवू?"

आता माई नाहीत. आई गेली. धारगळला भाऊ आहे, माटोळी तो बांधतो आणि तिथे गेलो की मी घरी आलो असंच म्हणतो. पण पुण्याला परत येताना सुपारीचा घोस मागून घेतो. आमच्या फ्लॅटमध्ये छताला कपड्यांची दांडी आहे, दोरी ओढली की खाली येणारी. बायकोला ती नको होती. ती मी हट्टाने लावून घेतली.