गोधडीचा फेरा

पोरीचा अभ्यास निघाला की मी उठून आत जायची. माझी चौथी झालेली, ती नववीत. तिनं काही विचारलं आणि मला आलं नाही तर, ही भीती. त्या दिवशी मात्र उठता येईना. जुन्या चादरीची आणि सासूबाईंच्या लुगड्यांची गोधडी अंथरून मी तिच्यावरच बसले होते, कडेचा पहिला फेरा चालू होता.

दुसऱ्या दिवशी तिची विज्ञानाची चाचणी. तिनं पुस्तक आपटलं.

"आई, मुलगी मैदानाला पूर्ण फेरी मारून आली तर म्हणं विस्थापन शून्य! एवढी चालली, घामाघूम झाली, आन् शून्य? मग चालली कशाला?"

मी टाके घालत राहिले. तिनं परत मोठ्यानं वाचलं. चाललो तेवढं सगळं ते अंतर. निघालो तिथून पोचलो तिथवर सरळ, ते विस्थापन. ती वाचत होती तोवर माझा फेरा पुरा झाला आणि मला राहवलं नाही.

"हितं बघ. चारी बाजू शिवून सुई निघाली त्याच कोपऱ्यात आली. दोरा किती गेला?"

"लई. तू तीनदा ओवलास की."

"आन् सुई कुटवर सरकली?"

ती बघत राहिली. "कुटं सरकली? हाय तितंच हाय!"

चहा पीत बसलेले तिचे वडील म्हणाले, "चौथीवाली बाई नववीला शिकवायला लागली की!"

माझे कान तापले. उठणारच होते, तर पोरीनं पदर धरला. "थांब गं. आन् शिवत शिवत मधी आलीस तर?"

मी गोधडीच्या मधोमध बोट ठेवलं. कोपऱ्यापासून तिथवर सरळ वितीनं मोजलं. "पाच विती. दोरा मात्र रीळभर जाईल."

"दिशा बी सांगायची असती."

"मग लिव, मोरीकडनं देव्हाऱ्याकडं."

तिघंही हसलो. तिचे वडील तर ठसका लागेपर्यंत.

चाचणी देऊन आली ती दप्तरासकट माझ्यासमोर उभी राहिली. "शून्यच लिवलं, आई. बरोबर हाय! मैदान आलंच नाय डोळ्यापुढं, गोधडीच आली."

संध्याकाळी तिनं पुढचं पान काढलं. "आता चाल आन् वेग. ह्यात काय फरक?"

मला काय ठाऊक! पण मी गॅस बारीक केला आणि तिच्याशेजारी येऊन बसले.

"आदी मोठ्यानं वाच," म्हटलं.