मिस्त्री गाडी ऐकायचे

"इंजिन बंद कर गो! आधी चेडवाक आयकूया, गाडयेक मगे."

हे कोण बोललं ते मी बघितलंसुद्धा नाही. कट्टा गावच्या बाजाराच्या अलीकडे भर रस्त्यात मी गाडी थांबवली होती, मागे टेंपोवाला हॉर्न मारत होता, आणि मी मागच्या दारातून अर्धी आत, अर्धी बाहेर, माझ्या मुलीच्या छातीला कान लावून. दोन वर्षांची होती तेव्हा ती. बालदमा. श्वास चढला की तिच्या छातीतून खरखर यायची, आणि आमच्या गाडीच्या आतूनपण तसाच आवाज यायचा, गुडूक खर्र, गुडूक खर्र, खड्डा आला की जास्तच. कुडाळच्या डॉक्टरांकडे निघाले होते. आमचे हे बोटीवर, वर्षातले आठ महिने समुद्रात, म्हणून गाडी मीच शिकलेली. आणि मधेच मला कळेना, हा आवाज पोरीचा की गाडीचा. ती पाठीमागे, तोंड दिसत नाही. मग वाटलं, तिचा आवाज येतच नाहीये.

वाकून चावी फिरवली. त्या माणसाने टेंपोवाल्याला नुसता पंजा दाखवला, तोपण गप्प. आणि मग ऐकू आलं. बारीक, पण चालू होतं.

"झोपलाहा चेडू. भिया नको. डॉक्टरकडे जा, आणि येताना माझ्याकडे थांब. तुझ्या गाडयेत कोणतरी लपान बसलो आसा."

असे मला मिस्त्री भेटले.

तुमच्यातल्या कोणी कट्ट्यात गाडी दिली असेल तर त्यांना बघितलं असणार. खाकी हाफ पँट, छातीवरचे सगळे केस पांढरे, आणि फणसाच्या झाडाखाली पत्र्याची शेड. इंजिन, ब्रेक ह्याला ते हात लावायचे नाहीत. "ता काम कोणय करता," म्हणायचे. त्यांचं काम एकच, गाडीच्या आतला आवाज शोधायचा आणि बंद करायचा. सामान तरी काय, सायकलच्या ट्यूबचे तुकडे, जुन्या गादीतला स्पंज, सुंभ, आणि दोन स्क्रूड्रायव्हर.

आधी गाडी रिकामी करायला लावायचे. छत्री, चार्जर, पाण्याच्या बाटल्या, सगळं बाहेर गोणपाटावर. फक्त देवाचं काही असलं तर नमस्कार करून तिथेच ठेवायचे. "देवाच्या वस्तूक माझो हात लागाचो नाय." मग बोनेटसमोर उभे राहून गाऱ्हाणं घालायचे, देवळात घालतात तसंच, मोठ्याने. "बा म्हाराजा, ह्या गाडयेत जो कोण लपान बसलो आसात, तेका वाट दाखव आणि भायर काढ रे म्हाराजा!" आणि गाडीवाल्याने "व्हय म्हाराजा" म्हटलं नाही तर काम सुरू नाही. एकदा कोल्हापूरचे कोणी इस्त्रीच्या शर्टातले साहेब होते, ते लाजत लाजत पुटपुटले. मिस्त्री म्हणाले, "मोठ्यान! देव काय फोनार आसा?"

मग चिरेखाणीच्या रस्त्याला गाडी घ्यायला सांगायचे. चिऱ्यांच्या ट्रकांनी तिथे असे खड्डे केलेत की बसलेला माणूस उठून उभा राहील. गाडीवाला चालवणार, मिस्त्री मागे, डोळे मिटून. तळहात दारावर, मग छताला, मग सीटच्या पाठीला, हळूहळू, आजारी माणसाला चाचपतात तसा. कुठेतरी दाबलं आणि आवाज थांबला की डोळे उघडायचे. "गावलो चोर." त्याआधी कोणी बोललं तर, "गप रव रे, गाडी बोलताहा."

एका मास्तरांच्या गाडीत एसीच्या नळीत काजूची बी सापडली. मिस्त्रींनी ती चुलीत भाजून खाल्ली. "चार वर्सां तुरुंगात होती, आता सोडलंय," म्हणाले. वेंगुर्ल्याचे एक मासळीवाले चाचा होते, दोनदा दार खोलून झालेलं, आवाज जाईना. मिस्त्री मागे बसले, थोडं ऐकलं, आणि चाचांच्या बायकोला म्हणाले, "भाभी, हात जरा मांडयेर ठेवा." आवाज बंद! बांगड्या होत्या. चाचा हसून हसून लाल. मिस्त्री म्हणाले, "ह्यो आवाज मी काढूचंय नाय. ऱ्हवांदे असोच."

आमची गाडी मात्र त्यांना सापडेना. दोन दिवस, चार फेऱ्या. पुढचा कप्पा काढला, पट्ट्याच्या बकलाला स्पंज लावला, जॅक सुंभाने आवळून बांधला. खरखर गेली, पण गुडूक तसंच. तिसऱ्या दिवशी मी झाडायला चालकाच्या सीटखाली हात घातला, आत गुडूक झालं, तर मिस्त्री एकदम म्हणाले, "थांब. परत हालव."

नारळ होता. गाडी आली तेव्हा सासूबाईंनी ग्रामदेवतेला दाखवून, लाल फडक्यात बांधून सीटखाली अडकवलेला, राखणेचा. आमच्याकडे कुणाच्या गाडीत नसतो? दीड वर्षात आतलं खोबरं सुकून करवंटीपासून सुटलेलं, प्रत्येक खड्ड्याला गडगडत होतं. मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी त्याला हात जोडले होते आणि सोडून दिला होता. मी तर रोज बघत होते. देवाचा नारळ आवाज करेल असं कोणाच्या डोक्यात येतं?

संध्याकाळी ते आमच्या खळ्यात आले. सासूबाई आमसुलं उलटत होत्या.

"वयनी, आवाज गावलो. पण तो माझ्या हातातलो न्हय."

"नारळ काढूचो नाय हां, मिस्त्री. नातीच्या राखणेचो आसा तो."

"काढ म्हणतंय खंय? गाडयेत बस, फिरान येवया."

"आणि ही आमसुलां कोण बघतलो? तुझो बापूस?"

"बापूस वर गेलो. थयसून बघतलो."

शेवटी बसल्या. मुलीला मागे त्यांच्या शेजारी झोपवलं, मिस्त्री माझ्या बाजूला. चिरेखाणीच्या रस्त्यावर ते मागे न बघता म्हणाले, "वयनी, डोळे मीट. आता नातीचो श्वास आयक."

गुडूक. गुडूक. सासूबाईंनी डोळे मिटले. कान नातीच्या तोंडाशी नेला. मग बारीक आवाजात, "माका आयकाक येणा नाय."

"हिकाय येणा नाय. आणि ही एकटीच चलवता."

घरी आल्यावर सासूबाईंनी स्वतः सीटखाली हात घातला, नारळ पदरात घेतला, व्हाळावर जाऊन पाण्यात सोडला. "नवो ठेवलो तर?" त्यांनी विचारलं. मिस्त्री म्हणाले, "ठेव की. वर्साक बदल. ओलो नारळ बोलणा नाय." मग तिथेच गाऱ्हाणं घातलं, आणि आमच्याबरोबर माझी पोरपण बोबडं "व्हय म्हाराजा" म्हणाली.

तेव्हापासून कट्ट्यावरून गेले की मी काच खाली करायची आणि ते शेडमधून ओरडायचे, "काय म्हणता गाडी?"

"गप आसा."

"आणि चेडू?"

"ता गप नाय!"

"असाच व्हया," म्हणायचे, आणि परत कुणाच्यातरी दारात डोकं घालायचे.

गेल्या थंडीतली सकाळ. मुलगी आता पाच वर्षांची. कट्टा यायच्या आधी तिचा श्वास बदलला. शिटीसारखा झाला आणि मग तुटायला लागला. गाडी गप्प होती म्हणून मला लगेच कळलं. पंप देऊन झाला होता, उतार नव्हता. मी कुडाळच्या दवाखान्याकडे गाडी जोरात सोडली. बस स्टॉपवर मिस्त्री उभे. हातात पिशवी. त्यांनी हात वर केला, गाडी थांबवायला करतात तसा. मी बघितलं. त्यांनीपण मला बघितलं. माझा पाय ब्रेकवर गेलाच नाही.

मुलगी वाचली. ऑक्सिजन लावला, संध्याकाळी उठून बिस्किट मागितलं.

पाचव्या दिवशी त्यांना सांगायला शेडवर गेले तर कुलूप. घरी गेले. त्यांच्या सूनबाईने पाणी दिलं. त्या दिवशी पहाटेपासून त्यांच्या छातीत दुखत होतं, म्हणाली. कुडाळला जायला मिळेल ती गाडी बघत उभे होते. एसटी तासाने आली. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच गेले. ती रागावली नव्हती माझ्यावर. उलट सांगत होती, खाटेवर पडल्या पडल्या येईल त्याला म्हणत होते, "तिची गाडी माझ्या फुड्यातसून गेली. एक आवाज करूक नाय."

अर्ध्या मिनिटाचं काम होतं. मागे मुलीच्या बाजूला जागा होती. तिथे बसून त्यांनी तिचा श्वास माझ्यापेक्षा बरा ऐकला असता, दोघांनाही घेऊन मी डॉक्टरकडे पोचले असते. हे मला आता सुचतं, भांडी घासताना, झोपताना. तेव्हा मला फक्त पोरीचा श्वास ऐकू येत होता, तुटत तुटत, आणि दुसरं काही म्हणजे काहीच नाही.

तुम्ही सांगा. तुम्ही थांबला असता?