शार्कच्या दातांची रंगीत तालीम

सदुसष्टाव्या वर्षी आईने जाहीर केलं की तिला कच्छला जाऊन शार्कचे दात शोधायचेत.

शहरातल्या गोत्री भागात आमच्या सोसायटीत भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई राहतात. एका दुपारी त्यांनी आईच्या तळहातावर एक दात ठेवला. तपकिरी, त्रिकोणी, चकचकीत. "कोट्यवधी वर्षांपूर्वी कच्छात समुद्र होता. पावसाने माती वाहून गेली की हे वर येतात," बाईंनी सांगितलं. आई घरी आली ती निश्चय करूनच.

"दातासाठी एवढ्या लांब?" बाबा म्हणाले. "आणि गुडघ्यांचं काय?"

गुडघ्यांचं खरं होतं. खाली बसलं की उठायला तिला दोघांचा आधार लागायचा.

बाबांचा जन्म मकरपुऱ्याच्या कारखान्यात साचे बनवण्यात गेला. तीन दिवस ते कुरकुरले. चौथ्या दिवशी त्यांनी एक बुटकं स्टूल बनवून आणलं, बाजूला धरून उठायला दांडा असलेलं. "देवपूजेला होईल," एवढंच बोलले.

आता स्टुलाची परीक्षा घ्यायला हवी होती. सोसायटीच्या मागे रस्त्याच्या कामासाठी खडी पडली होती. रविवारी सकाळी मी तीत दातांऐवजी चिंचोक्यांचे वीस तुकडे टाकले आणि आई चष्मा लावून स्टुलावर शोधायला बसली.

वरच्या मजल्यावरच्या गुजराती काकी दूध घेऊन येत होत्या. काय हरवलं म्हणून त्यांनी विचारलं, "शुं खोवायुं, बेन?"

आईने मान वर न करता सांगितलं, "दांत!"

काकींनी दूध तिथेच ठेवलं आणि हाकाटी केली. दहा मिनिटांत सात-आठ जण खडी उपसू लागले. एक काका तर लोहचुंबक घेऊन आले. मी सांगायला गेले, पण माझं ऐकतंय कोण! बाबा गॅलरीत कठडा धरून हसत होते.

एवढी माणसं का जमली, हे आईला जरा उशिराच उमगलं. तिने सरळ तोंड उघडून सगळ्यांना दाखवलं. "बघा, माझे सगळे जागेवर आहेत! मला शार्कचे हवेत."

मग तिने कच्छची गोष्ट सांगितली. काकींनी डोळे मोठे करून ऐकली आणि आपणही येणार असं सांगून टाकलं, "तो हुं पण आवीश!"

तिथून बेत कुणाच्या हातात राहिला नाही. बाबांनी मोठी गाडी ठरवली. काकींनी थेपल्यांचा भार उचलला. बाईंनी तिथल्या गावकऱ्यांची परवानगी काढली आणि सगळ्यांना बजावलं की खणायचं नाही, वर पडलेलं तेवढंच उचलायचं. वीसपैकी सतरा तुकडे सापडल्यामुळे आई भलतीच खुशीत होती.

जानेवारीत आम्ही गेलो. पिवळट, उघडीबोडकी टेकाडं. दोन तास कुणालाच काही मिळालं नाही. काकी शिंपल्यांवर समाधान मानून सावलीत बसल्या.

"अहो, इकडे या जरा," आईने स्टुलावरून हाक मारली. आवाज अगदी हळू, जणू मोठ्याने बोललं तर दात पळून जाईल.

नखाएवढा होता. बाबांनी तो हातात घेतला, उन्हात धरला, कडेवरून अंगठा फिरवला. "कसली धार आहे गं!" असं म्हणून ते तिच्या शेजारीच मातीत फतकल मारून बसले आणि खडे चाळू लागले.

काकींनी थेपल्यांचा डबा उघडला, लोणचं काढलं. मी जेवायला तीनदा हाक मारली. दोघांपैकी कुणीही उठलं नाही.