तिच्या हाताला बसणारी मूठ

माझ्या बायकोच्या हातातून सुरी पहिल्यांदा सटकली तेव्हा ती दुधी चिरत होती. लागलं काही नाही. सुरी ओट्यावरून घरंगळली आणि सिंकमध्ये पडली. तिने ती उचलली, पुन्हा पकडली, ती पुन्हा सटकली. मग दुधी तसाच ठेवून ती बाहेर आली आणि माझ्यासमोर खुर्चीत बसली.

"आज भाजी तुम्ही चिरा," म्हणाली. एवढंच.

बावीस वर्षं तिने उल्हासनगरच्या जीन्सवाल्यांसाठी शिलाई केली होती. आधी कारखान्यात जाऊन, नंतर घरी मशीन आणून. जाड कापड, त्याच्या चार-चार घड्या, त्यावरून मशीन चालवायची. डॉक्टर म्हणाले संधिवात आहे, बोटांची पेरं सुजतात ती त्यामुळेच. गोळ्या सुरू झाल्या. दुखणं कमी झालं, पण मूठ पूर्ण आवळता येईना. बारीक वस्तू तिच्या हातात राहत नसे. औषधाच्या दुकानातून मी सुरीला चढवायची रबरी पकड आणली, ती तिने एक दिवस वापरली आणि खिडकीत ठेवून दिली. "कोणाच्या तरी हाताची आहे ती, माझ्या नाही," म्हणाली.

मी अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचो. सुतारकाम मला कोणी शिकवलं नाही. मशिनरीच्या पॅकिंगच्या फळ्या घरी आणून त्यांचे स्टूल, मांडण्या करता करता हात बसला. रिटायर झाल्यावर हेंद्रेपाड्यातल्या आमच्या तळमजल्याच्या मागे, पत्र्याखालच्या जागेत, मी एक टेबल मांडलं होतं. तेव्हा म्हटलं, हिला सुरीची मूठ आपणच करू. जाड, तिच्या तळव्याच्या आकाराची, अंगठ्याला आणि बोटांना खाच असलेली.

वखारीतून सागाचा तुकडा आणला. कणीक भिजवलेली होती, तिचा गोळा तिच्या हातात देऊन म्हटलं, सुरी धरतेस तसं धर. त्या ठशावरून आकार काढला, जिगसॉच्या बारीक करवतीने कापला. इथवर सगळं सोपं गेलं. बाहेरची गोलाई कानशीने झाली. पण खाचा आतल्या बाजूला वळतात, तिथे ना कानस नीट जाते ना सपाट ठोकळा. मी पाण्याच्या पाईपच्या तुकड्याला पॉलिश पेपर गुंडाळला आणि घासत बसलो. एका खाचेला एक दुपार. ती येऊन मूठ हातात घेई, डोळे मिटे, आणि म्हणे, "इथे टोचतंय." मी घाशी. ती पुन्हा येई. "आता इथे."

तिसऱ्या खाचेनंतर माझाच खांदा भरून आला. मग मी ड्रिलला लावायचे छोटे ड्रम आणले, रबराचा ड्रम आणि त्यावर पॉलिश पेपरची नळी. ड्रिल उभं करून आवळलं आणि चालू केलं. ड्रम असा डोलत होता की खाचेला लाटा आल्या. वर ड्रिल तापलं. आडवा दाब घ्यायला ते बनलेलंच नसतं, हे मला वास आल्यावर कळलं.

म्हणून खाचा घासायचं मशीन घ्यायला आम्ही दोघं उल्हासनगरला गेलो. तिला म्हटलं होतं तू कशाला, पण ती आलीच. हार्डवेअरचं ते दुकान एका म्हाताऱ्या सिंधी गृहस्थांचं. स्टोअरमध्ये असल्यापासून मी त्यांच्याकडून सामान घ्यायचो.

"स्पिंडल सँडर?" ते म्हणाले. "साईं, फर्निचरचा कारखाना टाकला काय?"

मी बायकोच्या हाताबद्दल सांगितलं. त्यांनी तिच्या बोटांकडे पाहिलं, मग स्वतःची बोटं पुढे करून दाखवली. तीही पेरांपाशी वाकलेली. पुढे त्यांनी थट्टा केली नाही.

स्वस्तातली दोन मशीनं होती. एक चकचकीत, पत्र्याचं टेबल, पाच जाडीचे दांडे. दुसरं काळपट, ओबडधोबड, ओतीव लोखंडाचं टेबल, दांडे तीनच. दोन्हींचं काम एकच. टेबलाच्या मधल्या भोकातून उभा दांडा वर येतो, त्यावर पॉलिश पेपरची नळी चढवायची. तो फिरतो आणि फिरता फिरता सावकाश वर-खाली होतो, म्हणजे कागद एकाच जागी झिजत नाही आणि लाकडावर रेघा उठत नाहीत. लाकूड टेबलावर आडवं ठेवून दांड्याला टेकवायचं.

माझा जीव चकचकीत मशीनवर गेला. पाच दांडे म्हणजे पाच मापांच्या खाचा.

"मशीन बाद में देखो," दुकानदार म्हणाले, "पहले ये पूछो कि कागज मिलेगा क्या. या चकचकीतच्या नळ्या वेगळ्या मापाच्या येतात, त्या संपल्या की मशीन शोभेला. या काळ्याच्या नळ्या माझ्याकडे कायम असतात."

मी स्टीलची पट्टी टेबलावर उभी ठेवून पाहिली. चकचकीत टेबलाच्या मधोमध पट्टीखालून उजेड दिसला, म्हणजे पत्रा सपाट नव्हता. त्यांनी दोन्ही मशीनं चालू केली आणि टेबलावर एक नाणं उभं केलं. चकचकीत टेबलावर ते लगेच पडलं. काळ्यावर थोडा वेळ थरथरलं आणि उभं राहिलं.

बायको दोन्ही मशीनांकडे कान देऊन उभी होती. ती म्हणाली, "त्याचा आवाज घासत येतोय. याचा सरळ आहे."

"भाभी को समझता है," दुकानदार माझ्याकडे न बघताच म्हणाले आणि काळं मशीन बांधायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डोळ्यांना चष्मा, तोंडाला मास्क लावून थाटात उभा राहिलो. ऐंशी नंबरची, जरा खरखरीत नळी चढवली, बटण दाबलं, मूठ दोन्ही हातांनी घट्ट धरून दांड्यावर दाबली. करपल्याचा वास आला. बघतो तर खाचेत काळा पट्टा. म्हटलं दुसऱ्या बाजूने लावू. तशी लावली आणि दांड्याने मूठ माझ्या हातातून हिसकली. ती पत्र्यावर आदळून शेजारच्यांच्या वाळत घातलेल्या चादरीत जाऊन पडली. चादरीवर आधीच सागाचा पिवळा भुसा बसला होता. शेजारीण बाहेर आली. मी माफी मागितली, चादर पुन्हा धुवून देतो म्हणालो. ती म्हणाली, "राहू द्या काका, पण उद्यापासून आधी हाक मारा."

बायको दारात उभी राहून सगळं बघत होती.

"अहो, ढकलताय कशाला? ते आपलं आपण खातंय."

"मग काय करू?"

"कापड कधी ढकलतात का? मशीनचे दात ते नेतात. आपण फक्त वळण द्यायचं. बाजूला व्हा."

मी तिला नको म्हटलं. फिरतं मशीन, तिची बोटं सुजलेली, पकड नाही. माझा स्वर चढला असावा, कारण तिचा आवाज उलट खाली आला. ती चिडली की अशीच हळू बोलते.

"पकड लागतेच कुठे?" ती म्हणाली. "टेबल वजन घेतंय. मला नुसते तळवे ठेवायचेत."

मी बाजूला झालो. तिने बांगड्या काढल्या, केस वर बांधले, माझा चष्मा आणि मास्क लावला. आधी एका टाकाऊ तुकड्यावर करून पाहिलं. दांडा कोणत्या बाजूला फिरतो ते निरखलं आणि तुकडा त्याच्या उलट दिशेने नेला. मग मूठ घेतली, बोटं दांड्यापासून लांब, दोन्ही तळवे लाकडावर सपाट. लाकूड कुठेही न थांबता दांड्याभोवती वळत गेलं, जसा जीन्सच्या खिशाचा गोल काठ सुईखालून जायचा. रात्रंदिवस ते बघितलेलं असून मला कधी सुचलं नव्हतं. मूठ उलटून पाहिली तेव्हा खाचेत करपल्याची खूण नव्हती.

तिने मशीन बंद केलं, मास्क खाली ओढला आणि खाचेवरून गाल फिरवला. बोटांच्या टोकांना तिला आता बारीक खरखर कळत नाही. गालाला कळते.

"दुसरा कागद द्या," म्हणाली. "बारीक."

मी एकशेवीस नंबरची नळी शोधायला आत गेलो. गेले कित्येक महिने तिने माझ्याकडे नुसती मदत मागितली होती, हे उघडून द्या, ते पिळून द्या. हे मागणं निराळं होतं.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, थरथर फार वेळ बरी नाही, अर्ध्या तासावर जाऊ नका, मध्ये थांबा. आम्ही वाटणी केली. कापायचं मी, खाचा तिच्या, लाकडाला तेल पाजायचं पुन्हा मी. मशीनच्या तोंडाला जुना व्हॅक्यूम जोडला, चादरींचा प्रश्न सुटला. सुरी झाली, उलथणं झालं, डाव झाला. चहाच्या गाळणीची मूठ तिने तीनदा बदलून घेतली.

महिन्याभराने तिची शिलाईच्या दिवसांतली मैत्रीण उल्हासनगरहून आली. दोघी एका रांगेत शेजारी-शेजारी बसायच्या. तिचेही हात तसेच. बायकोने तिचा तळवा वर्तमानपत्रावर ठेवून आखला, बेतायला कापड आखावं तसा, आणि तिच्यासाठी सुरीला एक मूठ केली. इतकी गुळगुळीत की मी तिला दोनदा तेल पाजलं आणि स्वतःच बघत बसलो.

पुढच्या रविवारी मैत्रीण सुरी घेऊन परत आली. पाणी प्यायली, मग चाचरत म्हणाली, "भाऊजी, राग नका मानू. मूठ छान आहे. पण हाताला तेल असलं की सटकते."

बायकोचा चेहरा उतरला. मग तिने मोरीतून हाताला साबणाचं पाणी लावून आणलं, मूठ धरून पाहिली, आणि हसायलाच लागली.

"शोकेससाठी केली गं मी," म्हणाली. "चल मागे."

बारीक नळी काढून ऐंशी नंबरची चढवली. मैत्रिणीला चष्मा लावला, तिच्या बांगड्या उतरवल्या आणि तिचे तळवे लाकडावर ठेवून मागून स्वतःचे तळवे तिच्या मनगटाजवळ धरले. दोघींनी मिळून खाचांमधला गुळगुळीतपणा हलकेच उतरवला. ओल्या हातानेही सुरी आता बसली. मैत्रिणीने आमच्याकडची काकडी त्याच सुरीने चिरली, मीठ लावून तिघांनी खाल्ली.

जाताना ती लाटण्याचं विचारत होती. लाटणं या मशीनवर होत नाही, त्याला लाकूड गरगर फिरवणारा लेथ लागतो, असं मी सांगू लागलो, पण माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. दोघी बोलत बोलत फाटकापर्यंत गेल्या होत्या. कोणत्या तरी जुन्या सुपरवायझरची नक्कल चालली होती, तीही हातवाऱ्यांसकट. मी टेबलावरचा भुसा ब्रशने गोळा करत होतो आणि त्यांचं हसणं मागच्या बाजूपर्यंत ऐकू येत होतं.